पेले धुवायचं पाणी

ती घटना आजही आठवली की डोकं तापतं.

मी तेव्हा कोल्हापुरात एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. एका सकाळी राजारामपुरीजवळच्या दूध कट्ट्यावर एकाच गवळ्याकडचं धारोष्ण दूध पिऊन चार-पाच जणांना उलट्या झाल्या, ओठ आणि घसा जळायला लागला. त्यात एक बडे बांधकाम व्यावसायिक होते. मग काय! मी गाडीतून उतरायच्या आत वरिष्ठांचे फोन सुरू. बीट हवालदारानं गवळ्याला ताब्यात घेतलं, त्याचा पाण्याचा कॅन जप्त केला आणि मुद्देमाल म्हणून म्हैसही आणली. ती ठाण्याच्या आवारात कडुनिंबाला बांधली.

"काय कालवलंस दुधात?" मी दरडावलं.

"दुधात काय कालवणार, सायेब? गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढतोय की!"

खरंच होतं. कट्ट्यावर म्हैस समोर उभी आणि धार थेट पेल्यात, भेसळीला जागाच नाही. पण वरून दट्ट्या होता, कबुली घ्या म्हणून. कसली कबुली, कपाळाची?

तेवढ्यात हवालदारानं म्हशीपुढं पाण्याची बादली ठेवली. तिनं ती एका दमात रिकामी केली. दुसरीही संपवली. खिडकीतून बघणाऱ्या गवळ्याचे डोळे भरून आले.

"घरी पाण्याला त्वांड लावत न्हाय ती," तो म्हणाला. "वास घेती आन् मान फिरवती. किती चुचकारावं लागतंय. आमच्या बोअरचं पाणीच तसलं हाय. कालपास्नं तर लईच बिघडलंय."

मी दचकलो. "मग कट्ट्यावर पेले कशानं धुतोस?"

"त्येच पाणी. घरनं कॅन भरून आणतोय. कट्ट्यावर नळ कुठं हाय?"

जप्त केलेला कॅन उघडला. भपकन वास आला, नाक चुरचुरलं. पाणी पिवळट दिसत होतं.

"हे तुम्ही घरी पिता?"

"व्हय. दुसरं कुठलं आणू? लेकीच्या तोंडात फोड आल्यात, भाकरी गिळवत न्हाय तिला. सगळ्या हापिसांस्नी सांगून झालं. येतो म्हणत्यात, येत कुणीच न्हाय."

पेल्याच्या तळाला राहिलेल्या चार थेंबांनी बड्या माणसाला ओकारी आली, तर सगळं शहर जागं झालं. ही पोर तेच पाणी तांब्यानं पीत होती, तेव्हा सगळे झोपले होते काय?

मी तडक गवळ्याची वस्ती गाठली. शहराच्या कडेला, धातूला मुलामा देणाऱ्या एका कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून ती होती. भिंतीपलीकडं पत्र्याखाली एक जुनी बंद बोअर सापडली. त्यात पाईप सोडला होता. कारखान्याचं आम्लाचं पाणी सरळ जमिनीत जात होतं आणि वस्तीच्या बोअरला लागत होतं. पंचनामा केला, नमुने घेतले आणि व्यवस्थापकाला समोर बसवलं. आधी त्याला काहीच माहीत नव्हतं. मोबाइलमधले पाईपचे फोटो दाखवल्यावर सूर बदलला.

"साहेब, पूर्वी पुढच्या नाल्यात सोडत होतो. तिथं बंगले झाले, लोकांनी ओरड केली. म्हणून मागं वळवलं."

"मागं माणसं राहत नाहीत?"

"राहतात. पण त्यांच्याकडून काही त्रास नाही."

मी टेबलावर असा हात आपटला की चहाचा कप उलटला. त्रास नाही म्हणे! अंगात वर्दी होती म्हणून तेवढ्यावर थांबलो.

गवळ्याला सोडलं, कारखान्यावर गुन्हा नोंदवला, दोषारोपपत्र पाठवलं. कारखाना थोडे दिवस बंद राहिला, पाईप निघाला. पण जमिनीत मुरलेलं विष कोण काढणार? कट्ट्यावर मात्र लगोलग नळ आला. पेले धुवायला! वस्तीतला नळ अजून मंजुरीत अडकलाय.

आयुष्यभर गुन्हे तपासले, पण या प्रकरणानं एक गोष्ट शिकवली ती कुठल्या कलमात नाही. विष कुणाच्या पोटात गेलं, ते बघून आपल्याकडं फोन वाजतात. याची मला आजही चीड येते.

निवृत्तीनंतर एकदा त्याच कट्ट्यावर गेलो. गवळी धार काढून झाल्यावर नळावर कॅन भरत होता, आता लेकीच्या पिण्यासाठी घरी न्यायला. पेला हातात घेतलेले एक गृहस्थ त्याच्यावर खेकसले, "ए, हा नळ पेले धुवायला आहे. घरचं पाणी भरायला नाही!"

गवळ्यानं नळ बंद केला.

"चालू कर रे तो नळ!" मी ओरडलो. निवृत्त झालो असलो तरी आवाज ठाण्यातलाच होता. गवळ्यानं नळ पुन्हा सोडला. कॅन काठोकाठ भरेपर्यंत मी नळाजवळून हललो नाही.