मंजुळाबाईंचे सहा डिस्कस

मंजुळाबाईंनी चाळीस वर्षं मुरबे गावची मासळी पालघरच्या बाजारात विकली, पण जेवणारा मासा कधी पाहिला नव्हता. गुडघे गेले, टोपली सुटली, तेव्हा त्या बोईसरला मुलाच्या घरी आल्या. तिथे सून हेमालीनं हौसेनं काचेची टाकी आणली होती. आत सहा डिस्कस मासे. गोल, चपटे, रुपयाएवढे.

"ही तं पापलेटची पिलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "पन पानी खारं हाय का?"

"गोड्या पाण्यातलेच आहेत, आई. फार सावकाश वाढतात. तुम्ही नुसतं बघा."

नुसतं बघणं त्यांना कुठलं जमतंय? हेमाली कामावर गेली तशी त्यांनी मूठभर खाणं टाकलं, पाहुण्याला आग्रह करावा तसं. संध्याकाळपर्यंत पाण्याचं ताक झालं.

टाकी विकणारा दुकानदार धर्मेश आला, पाणी बदललं. म्हणाला, "मावशी, एकदम नाही. चिमूटभर, दिवसातून पाच वेळा. दोन मिनिटांत संपेल तेवढंच. आणि रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं."

दुसऱ्या दिवसापासून मंजुळाबाई कामाला लागल्या. कोळंबी सोलायची, पाठीतला काळा दोरा काढायचा, मोहरीएवढी बारीक चिरायची. तीन बादल्या पाणी काढायचं, आदल्या दिवशी भरून ठेवलेल्या तीन ओतायच्या. गुडघा ठणकला तर अर्धी अर्धी बादली न्यायची. पण तीन म्हणजे तीन.

मुरब्याहून जाऊबाई सुलूचा फोन आला. "आमी मासं खातो, तू माशांना कोळंबी चारतेस. घरच्यांना काय घालतेस?"

"उरली तं देते."

दीड महिन्यात चार मासे बिस्किटाएवढे झाले. दोघं मात्र रुपयाएवढेच राहिले. काळवंडले, कोपऱ्यात दडून बसू लागले.

हेमालीनं सासूचे सुजलेले गुडघे पाहिले. "आई, हे दोघं काही वाढायचे नाहीत आणि तुम्ही आजारी पडाल. महिनाभर बघू. नाही तर धर्मेशला टाकी परत देऊ."

ती मायेनं बोलत होती, त्यामुळे भांडताही येईना. टाकी गेली की सकाळच्या चहानंतर आपण करायचं काय, हे मंजुळाबाईंना कळेना.

दुपारी त्यांनी चिमूट सोडली आणि पहिल्यांदाच हात मागे घेऊन पाहत राहिल्या. चौघं धावले. धाकटे दोघं थांबले, पुढे सरकले, ढुशी खाऊन मागे गेले. तोवर खाणं संपलं.

मंजुळाबाईंना स्वतःचाच राग आला. होडी लागली की किनाऱ्यावर पहिलं काम मासळी निवडायचं. मोठी वेगळी, लहान वेगळी. चाळीस वर्षं हात आपोआप चालत होते, आणि इथे सहाही जणांना एकाच पंगतीला बसवलं.

सुलूकडून त्यांनी जुन्या जाळ्याचा बारीक विणीचा तुकडा मागवला. मंजुळाबाईंनी तो उकळून धुतला, प्लॅस्टिकच्या चौकटीवर शिवला आणि टाकीत आडवा बसवला. धाकटे अलीकडे, थोरले पलीकडे. पहिल्या दिवशी धाकट्यांनी खाण्याकडे पाहिलंही नाही. उरलेलं मंजुळाबाईंनी लगेच काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी एकानं कण तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला.

त्यांनी हेमालीच्या ऑफिसात फोन लावला. "जेवला."

"कोण?"

"धाकटा. आता दुसरापन येतोय. तू ठेव फोन."

महिना सरला. हेमालीनं सांगितल्याप्रमाणे धर्मेश आला आणि टाकीपुढे उकिडवा बसला. धाकटे दीडपट झाले होते, अंगावर निळ्या रेघा उठल्या होत्या.

"मावशी, माझ्या दुकानात असे आठ आहेत. वाढतच नाहीत."

"खायला कितीदा घालतोस?"

"दोनदा. वेळ कुठे मिळतो?"

"मंग कसं वाढतील? वर आनि तूच मला शिकवलंस." मंजुळाबाई हेमालीकडे वळल्या. "आठ आनू दे का त्याला?"

हेमालीनं टाकीकडे पाहिलं, मग सासूच्या गुडघ्यांकडे.

"आधी पाणी साठवायला पिंप आणि तिथून टाकीपर्यंत पाइप," ती धर्मेशला म्हणाली. "बादली एकही उचलायची नाही. कबूल असेल तर आणा."

"कबूल," मंजुळाबाईच बोलल्या, आणि दुसऱ्या टाकीला जागा करायला टीव्हीचं टेबल ढकलू लागल्या.