आपोआप भरणारं कोठार

गोदामात मालाची नोंद ठेवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे सेनापती म्हणत, कारण घरी आले की ते कॉम्प्युटरवरच्या खेळात राज्य चालवत. रस्ते, कर, अगदी घोड्यांचा चारासुद्धा स्वतः बघत. मेव्हणा आधीच त्यांच्या डोक्यात जायचा. त्यात रविवारी त्याने त्याच खेळाचा सोपा अवतार टीव्हीला जोडला आणि सोफ्यावर लोळत चार बटणांवर खेळायला घेतला.

सेनापतींच्या कपाळाला आठ्या पडल्या. "यात धान्याचा तक्ता कुठाय?"

"नाहीये, भाऊजी. कोठार आपोआप भरतं."

"आणि सैन्य?"

"आपोआप जेवतं."

"म्हणजे दाणा कुठून आला, दळला कुणी, रांधला कुणी, कशाशी देणंघेणं नाही. नुसतं बसायचं आणि हुकूम सोडायचे. बिनडोकांचे खेळ." एवढं बोलून त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता चहाचा रिकामा कप बायकोपुढे धरला.

तिने तो घेतला नाही. भावाशेजारी बसत ती म्हणाली, "यांना हा नवा कसा वाटतो कोण जाणे. लग्न झाल्यापासून हाच तर खेळतायत."