मीटर न मागणारा डबा

मंडळी, आज सकाळी आमच्या बदलापुरातल्या मांजर्लीच्या सोसायटीत एका डब्यावरून चांगलीच जुंपली.

फायबर नेटचा डबा जिन्याखाली बसवायचा होता. सेक्रेटरी सावंतकाका अडून बसले. "पुरात मीटर बुडाले ते विसरलात? खाली लाईटवर चालणारी आणखी एक वस्तू नको. आणि कनेक्शन कोणाच्या मीटरवरून देणार?" झालं, सगळे एकदम बोलायला लागले.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची मृणाल खाली आली. ती फायबरवरच पीएचडी करतेय. तिने डबा उघडून काकांच्या हातात दिला. "काका, यात लाईटची वायर शोधा."

काकांनी चष्मा लावून डबा उलटापालटा केला. आत नुसते केसासारखे काचेचे धागे.

"याला लाईटचं कनेक्शन लागतच नाही," मृणाल म्हणाली. " एका धाग्यातून आलेला प्रकाश हा डबा सगळ्या घरांना वाटतो. लाईट गेल्यावरही नेट हवं तर तुम्ही घरातला राउटर तेवढा इन्व्हर्टरवर ठेवा."

मी विचारलं, मग तुझं संशोधन कशावर? म्हणाली, "याच धाग्यातून वेगवेगळ्या रंगांचे प्रकाश एकत्र पाठवायचे. म्हणजे घरं वाढली तरी रस्ता पुन्हा खोदायला नको."

बदलापुरात राहून रस्ता न खोदण्यावर पीएचडी! पोरीला सलामच.

शेवटी पुराच्या खुणेच्या वर डबा बसला. जाताना काका त्याच्यावर हात ठेवून म्हणाले, "सगळ्या बिल्डिंगला वाटतो आणि स्वतःसाठी काही मागत नाही. याला कमिटीत घ्यायला हवं."

तुमच्या कमिटीत आहे का हो असं कोणी?