माळढोकाचा घटसर्प

आता काय सांगू, आधी हातातला चहा खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या हुशारीनं एका पक्ष्याचं लग्न मोडत होतं, आणि त्याच्या पायी माझंही!

बाहत्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी जतकडं गुरांच्या दवाखान्यात कामाला. साताऱ्याच्या वनखात्याच्या साहेबांनी माळढोकाची एक जोडी आमच्या आवारात कुंपण घालून ठेवली होती. हा दांडगा माळावरचा पक्षी दिसेनासा होत चाललेला. जोडी जमावी, पिल्लं व्हावीत, एवढाच साहेबांचा ध्यास. राखण माझ्याकडं.

एका सकाळी बघतो तर काय, नराचा गळा सुजून पार खाली लोंबतोय! शेपटी पाठीवर टाकून म्हशीसारखा हुंकारतोय. गळा सुजला, आवाज बदलला, म्हणजे दुसरं काय असणार? घटसर्प! आमच्याकडं गुरं त्यानंच जायची. मादीला लागण नको म्हणून मी त्याला वेगळ्या खोलीत कोंडला. गळ्याला हळद-चुन्याचा लेप दिला, हातानं नाकतोडे भरवले. सूज उतरली. मी स्वतःवर इतका खूश, की विचारू नका.

त्याच आठवड्यात आष्ट्याचे एक रिटायर सुभेदार मुलीसाठी मला बघायला येणार होते. जावयाला आपलं काम आलं पाहिजे, ही त्यांची एकच अट. मुलगी मला भारी आवडली होती. म्हटलं, माळढोक दाखवला की काम फत्ते.

सुभेदार आले. साहेबही नेमके हजर. मी दोघांना माझा सगळा इलाज सांगितला आणि रुबाबात खोलीचं दार उघडलं. नर बाहेर आला, मला बघितलं, आणि गळा फुगवून माझ्याभोवतीच फेर धरला.

"साहेब, परत उठला बघा घटसर्प," मी म्हणालो.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, मादीला रिझवायला तो गळा फुगवतो. जोडी जमत आली होती, आणि तू नवरदेवाला हळद लावून कोंडलास. आता भरवून भरवून त्याला तूच पसंत पडलायस."

सुभेदारांनी टोपी सारखी केली. "मग पाव्हणं, तुमचं हितंच जमलंय म्हणायचं. आमी निगू का?" आणि पोट धरून हसत खालीच बसले.

मला त्या कुंपणाकडं फिरकायची बंदी झाली, तेव्हा कुठं त्या दोघांचं जमलं. माझंही जमलं. सुभेदारांनी घरी जाऊन सगळं सांगितलं, तर हसू आवरत मुलगीच म्हणाली, हाच नवरा पाहिजे. आजवर सुखात आहोत.

फक्त अजूनही नवा सदरा घालून, मान ताठ करून मी जरा जवळ गेलो, की बायको शांतपणे विचारते, "आवं, गळा सुजलाय व्हय? हळद लावू?"