सोबतीला दिलेले दीर

तुम्ही तिकडे टपालात अर्ज टाकता आणि मुलाखतीला एकटे जाता. लोणावळ्यात आमच्या वेळी तसं नव्हतं, म्हणून क्रमानं सांगते.

तुमचे आजोबा गेले तेव्हा तुमची आई लहान होती. सासरी ठरलं, की दिवाळीपर्यंत मला पगार सुरू झाला तर मुलगी माझ्याजवळ राहील, नाहीतर तिला तळेगावला आजोळी धाडायचं. मी मॅट्रिक झाले होते. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला कुणीतरी हवं असल्याचं कळलं आणि मी अर्ज केला.

शाळेचे चिटणीस घरीच भेटत. बाईमाणसानं एकटं जाणं बरं दिसत नाही, म्हणून सासूबाईंनी धाकट्या दिरांना सोबतीला दिलं. ते बैठकीत गादीवर बसले. मला माजघराच्या दाराशी पाट मिळाला. चिटणिसांनी माझ्याबद्दलचे सगळे प्रश्न दिरांनाच विचारले.

"यांचं इंग्रजी कसं आहे?"

"वहिनींचं? माझ्यापेक्षा चांगलं."

"म्हणजे तुम्हीही मॅट्रिक?"

"हो."

"सध्या काय करता?"

"बघतोय काहीतरी."

"मग घरात तुम्ही असताना बाईंना कशाला खेपा घालायला लावता? सोमवारपासून या."

मी दारातून म्हटलं, "अर्ज माझा आहे."

"घर एकच ना, बाई?" ते हसून म्हणाले.

दिरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, चिटणिसांना नमस्कार केला आणि उठले. नको म्हणाले नाहीत.

घरी शिरा झाला. तो मीच ढवळला. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या वलवणच्या मावशींनी विचारलं, "गावली का नोकरी?" मी झालं ते सांगितलं.

"म्हंजी नवरी दावायला न्येली अन् पसंत पडला मामा," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

सासूबाई आतून म्हणाल्या, "घरात पगार आला ना? मग तोंड कशाला पाडायचं?"

पगार घरात आला, पण ठरलं होतं ते माझ्या पगाराबद्दल. दिरांनी पुढे त्याच शाळेत जन्म काढला. त्यांच्या निरोपसमारंभाचं आमंत्रण मलाही होतं. मी गेले नाही.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मी तुमच्या आईला तळेगावला सोडायला गेले. ती रडली नाही. "आई, तुझी वळकटी कुठे राहिली?" एवढंच तिनं विचारलं.