नानांचं दुबईचं सोनं

नाना वकिलांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर, कचोरीवाल्याशी हुज्जत घालताना. कचोरी महागली होती. अमरावतीत मी नवीनच आलो होतो, म्हणून बाजूला उभा राहून ऐकत होतो. "डॉलर वाढला का तेल वाढते, तेल वाढलं का कचोरी वाढते, हे मले समजते," नाना बोट नाचवत म्हणाले. "पण परवा डॉलर उतरला, तवा तुही कचोरी काहून नाही उतरली?" कचोरीवाल्याने झारा खाली ठेवून हात जोडले. नानांनी जुन्याच भावात दोन कचोऱ्या घेतल्या आणि एक माझ्या हातात ठेवली. "नवीन प्रोफेसर ना तुमी? खा. बाहेरदेशचं तेल हाये."

बाहेरदेशात सगळं स्वस्त मिळतं, अशी नानांची ठाम श्रद्धा होती. कॉलनीत कुणाचा मुलगा परदेशातून आला की संध्याकाळी नाना तिथे हजर. त्याच्या बुटापासून टूथपेस्टपर्यंत सगळ्याचे भाव विचारून ते घरी येत आणि बायकोवर, शालूकाकूंवर उखडत, जणू काकूंनीच ते महाग विकत घेतलं होतं. "आपल्या इथं वस्तूची किंमत नाही लागत सर," ते मला म्हणत, "आपल्या मूर्खपणाची लागते."

त्यांचा एक भाचा पूर्वी दुबईत नोकरीला होता. एक दिरहम म्हणजे वीस रुपये, हे त्याने कधीतरी सांगितलं आणि नानांच्या डोक्यात ते कायमचं बसलं. डॉलर किती चढला ते नाना रोज सकाळी पेपरात बघत. दिरहमचा भाव त्या पेपरात येत नसे, म्हणून तो वाढलेलाच नव्हता. मी एकदा म्हणालो, "नाना, दिरहम डॉलरलाच बांधलेला असतो. रुपया पडला की तोही महागतो." नाना माझ्याकडे कीव केल्यासारखं बघत राहिले. "डॉलर अमेरिकेचा, दिरहम अरबाचा. सोयरीक हाये का त्याइची?"

मग मृणालचं, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, अकोल्याच्या इंजिनिअरशी लग्न ठरलं. काकूंना सोनं नेहमीच्या सराफाकडूनच घ्यायचं होतं. नानांनी बँकेतली ठेव मोडली आणि दोघांची दुबईची सहल ठरवली.

"तिकिटाचे पैसे सोन्यातच निघते," ते म्हणाले.

"अन् नाही निघाले तं?" काकूंनी विचारलं.

"तू बॅग भर वं."

दुबईच्या सराफी पेढीवर नानांनी वीसने गुणाकार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. हार, कानातले, पाटल्या घेऊन झाल्या, तेव्हा इतका फायदा झाला म्हणून त्यांनी वर दोन बांगड्याही घेतल्या. कार्ड दिलं. फोनवर बँकेचा मेसेज आला तो वाचून नाना ओरडले, "चोरी झाली! कार्डातून जास्तीचे पैसे नेले कोणी!" दुकानदाराने शांतपणे फोनवर त्या दिवसाचा भाव दाखवला. दिरहमने वीस केव्हाच मागे टाकले होते आणि त्यावर बँकेचा आकार वेगळा. विकलेला माल परत घेत नाहीत, हेही त्याने हिंदीत समजावलं.

मुंबईला विमानतळावर कस्टमवाल्यांनी अडवलं, तेव्हा मात्र नाना सावरले. हे त्यांचं क्षेत्र होतं. बाईमाणसाला दागिने करमाफ आणता येतात, हा नियम त्यांनी कोर्टातल्या आवाजात ऐकवला. अधिकारी म्हणाला, "बरोबर आहे. पण तो परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्यांसाठी. तुम्ही किती राहिलात?" नानांनी नियम निम्माच वाचला होता. कर भरून ते बाहेर आले तेव्हा ते सोनं अमरावतीच्या सराफापेक्षा महाग पडलं होतं, आणि विमानाचं भाडं त्यात धरलेलंच नव्हतं.

अकोल्याच्या मांडवात नानांनी प्रत्येकाला अडवून सांगितलं, "दुबईचं सोनं हाये." पाहुणे साहजिकच विचारत, "कितीले पडलं?" साऱ्या कॉलनीला भाव विचारत हिंडलेला हा माणूस गंभीर होऊन म्हणे, "लेकीच्या अंगावरच्या सोन्याचा भाव विचारू नये, अपशकुन असते."

पुढच्या उन्हाळ्यात नाना अचानक गेले. तेराव्यानंतर मी काकूंना भेटायला गेलो. काही बोलायचं म्हणून म्हणालो, "दुबईला जाऊन आलात ते बरं झालं."

काकूंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला. मग सांगू लागल्या. सोन्याचं ते प्रकरण झाल्यावर नाना सहलीतल्या लोकांसोबत मॉलमध्ये गेलेच नाहीत. कुठे पैसे लागत नाहीत ते विचारून काकूंना समुद्रावर घेऊन गेले. काकूंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता.

"मी म्हटलं, मुंबईलेबी समुद्र हाये म्हणते. तवा कधी काहून नाही नेलं? तं म्हणे, तिथली हॉटेलं लय महाग." काकू हसल्या. "लाटेनं त्याइची एक चप्पल नेली. पँट वर करून धावले तिच्यामागं, गुडघाभर पाण्यात. चप्पल काई सापडली नाही. पण इतके हसले, इतके हसले... आमच्या लग्नात नाई, पोरगी झाली तवा नाई, असं हसताना म्या त्याइले पाह्यलं नव्हतं."

पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "सर, आता पावसाळ्याआधी मले एकदा मुंबईले जायचं हाये. मृणाल येते म्हणे सोबत. तुमी गाडीचं पाहा."

मी आणि माझी बायको त्यांना बडनेरा स्टेशनवर गाडीत बसवायला गेलो. मृणाल पुढे अकोल्याला चढणार होती. काकूंनी खिडकीची जागा पकडली आणि गाडी सुटायच्या आत मला विचारलं, "समुद्र कोन्या बाजूनं दिसते?"

"काकू, तो उद्या. गाडीतून नाही दिसत."

"असू द्या," त्या खिडकीचा गज धरून म्हणाल्या. "मी पाहत बसीन."