तुडूम कोणाचा

रत्नाबाई मेश्राम शाळेत शिपाई आहेत आणि शाळेतलं सगळ्यात देखणं अक्षर त्यांचं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या, पण शाळेच्या कागदावर पहिलीच सापडते.

भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या पुढे हायवे सोडून आत गेलं की ती शाळा लागते. तिथे दर वर्षी मुलांचं हस्तलिखित निघतं. मुलं लेख लिहितात, चित्रं काढतात, आणि मग सगळं मोठ्या कागदांवर एकाच हाताने उतरवलं जातं. जिल्ह्याच्या स्पर्धेचा नियमच तसा. छापील चालत नाही, आणि अंकात दोन हातांची अक्षरं दिसली तर अंक बाद. ते एक अक्षर एकोणीस वर्षं रत्नाबाईंचं. शेवटच्या पानावर संपादक, सजावट, मार्गदर्शक अशी नावं येतात. उतरवणारीचं येत नाही. त्यांनी कधी विचारलंही नाही.

उतरवणं म्हणजे मक्षिकास्थाने मक्षिका. एका वर्षी लेखात शाईचा थेंब पडला होता, तर त्यांनी त्या जागी नीट गोल टिंब काढून दिलं. मुलं अजून हसतात.

यंदाचा विषय होता युरोपियन वसाहतवाद. मार्चमध्ये रत्नाबाई निवृत्त होणार, म्हणजे हा त्यांचा शेवटचा अंक. एकदा तरी जिल्ह्यात नंबर यावा, एवढी त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. दुपारच्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेतल्या लांब टेबलाशी बसायच्या, भोवती अंकाच्या कामातल्या पोरी. आफ्रिकेच्या वाटणीचा नकाशा पाहून म्हणाल्या, "हे काय बाप्पा, पट्टी ठेवून कापलं? भावाभावात वावराच्या धुऱ्यावरून कोर्टात जातेत, तरी असा सरळ कोनी कापत नाही." मुलांनी ते वाक्य नकाशाखाली टाकायचं ठरवलं होतं. अनुप सरांनी नको म्हटलं.

अनुप सर इतिहास शिकवतात. अंक त्यांच्याकडे. माणूस वाईट नाही, फक्त घाईचा आहे.

तीस पानं झाली आणि डिंपलचा लेख आला. डिंपल नववीतली, जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये नळाच्या पाण्यावर वाढलेली. लेख होता इंग्रजी राजवटीच्या फायद्यातोट्यांचा. फायद्यांत रेल्वे, टपाल, आणि तिसरी ओळ: 'इंग्रजांनी आपल्या भंडारा जिल्ह्याला तलाव दिले.'

रत्नाबाईंचा टाक शाईच्या दौतीवर थांबला.

रोज सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्या पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. बोलायचं नाही, तसं लिहायचंही नाही का? दुसऱ्याचं खोटं आपल्या हाताने उतरवलं तर ते कोणाचं? एकोणीस वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. आता पडला, आणि उत्तरही लगेच मिळालं.

"सर, हे ओळ मी नाही लिवत."

"काहून? शाई संपली का?"

"शाई हाये. ओळ खोटी हाये."

अनुप सरांनी वही घेऊन पाहिलं. "मोबाईलवर आहे हे. मावशी, तुमचं काम उतरवायचं. खरं-खोटं आम्ही पाहू."

"उतरवनारा हात तं माहाच ना जी."

"बरं. पुरावा आहे तुमच्याकडे?"

रत्नाबाईंनी वाळत घातलेल्या कागदांतून एक ओढला. "हे पान चार. तुमचाच लेख. बटाटा, पाव, काजू हे शब्द पोर्तुगीजांचे, कारन त्या वस्तू त्याहिच्यासंगं आल्या. मीच उतरवला. म्हनजे वस्तू ज्यानं आनली, नाव त्याचं. बरोबर?"

"बरोबर."

"रेल इंग्रजाची, तं आपन स्टेशन म्हनतो, तिकीट म्हनतो. आता माह्या माहेरी चाला, आसगावकडं. तलावातून धानाले पानी सोडाचं जे दार हाये, त्याले गावात तुडूम म्हनतेत. सांगा, हा कोन्त्या साहेबाचा शब्द?"

"तुडूम साहेब," मागून एक पोरगी म्हणाली, "लंडनहून आला असन."

सगळ्या हसल्या. सर हसले नाहीत. "एका शब्दावर इतिहास ठरत नाही, मावशी."

"पान चारवर ठरला, तं पान एकतीसवर काहून नाही?" रत्नाबाईंचा आवाज चढला नाही. "त्या तलावाच्या पाळीची, त्या बांधाची, माती आमच्या लोकायच्या डोक्यावरून गेली. आजी सांगे, तिले तिच्या आजीनं सांगतलं. आन पानी आमाले शेवटच्या घाटावर. राजानं बांधला म्हना, कोहळी जातीच्या मालगुजारायनं बांधला म्हना, त्याहिच्याशी मी निराळी भांडीन. पन इंग्रजानं दिला, हे नाही लिवत."

"मग डिंपल लिहील ती ओळ."

"दोन अक्षरं झाली तं अंक बाद."

"ते तुम्हाला माहीत आहे आणि तरी?"

"माहीत हाये म्हनूनच सांगून राहिली." त्यांनी टाक चिंधीने पुसला आणि दौतीचं झाकण लावलं. शेवटचा अंक, तीस पानं, नंबर, सगळं त्या झाकणाखाली गेलं हे त्यांना कळत होतं.

डिंपल उठली. "सर, लेख माझा आहे. मी ओळ बदलते."

"आणि जिल्ह्यात कोणी चूक काढली तर? जबाब कोण देईल?"

"मी देईन ना जी," रत्नाबाई म्हणाल्या.

"शिपायाला कोण विचारायला येतंय, मावशी?"

बोलून गेल्यावर सरांनाच ते लागलं असावं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग वही डिंपलकडे सरकवली.

"नाव नाही म्हनून येत नसतीन," रत्नाबाई म्हणाल्या. "नाव टाका. मंग येतीन."

डिंपलने तिथेच उभ्या-उभ्या नवी ओळ लिहिली: 'तलाव इंग्रज येण्याआधीचे आहेत. माती वाहणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. तुडूम हा शब्द मात्र त्यांच्याच तोंडचा आहे.' रत्नाबाईंनी ती दोनदा वाचली. मग झाकण उघडलं.

शेवटच्या पानावर, मार्गदर्शकाच्या खाली, त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलं: 'अक्षर आणि तुडुमाची जबाबदारी: रत्ना ईश्वर मेश्राम, शिपाई.' सरांनी 'शिपाई' खोडा म्हटलं. त्यांनी नाही खोडलं.

नंबर आला नाही. परीक्षकांनी शेऱ्यात लिहून पाठवलं, अक्षर उत्तम, 'तुडूम' या शब्दाचा अर्थ द्यावा. अनुप सरांनी तो कागद रत्नाबाईंना वाचून दाखवला आणि काय कळवायचं ते विचारलं. पहिल्यांदाच विचारलं.

"कळवाचं काय त्यात," रत्नाबाई घंटेकडे जात म्हणाल्या. "पाळीवर या म्हना. दाखवीन."